अळिवाचा डबा

मानूसोसनं फावडं ढिगात खुपसलं आणि पहिला घास दरीत भिरकावला. मग दुसरा.

ढीग कसला, त्याचं वर्ष होतं ते. ऑलिव्हच्या घाण्याचा चोथा, शेळ्यांच्या लेंड्या, छाटणीचा पाला. उलथून उलथून मुरवलेलं खत. पण अळीव उगवला नव्हता.

त्याआधीच्या साली त्यानं अर्धकच्चा चोथा बहिणीच्या, आर्गिरोच्या, रोपवाटिकेत नेऊन टाकलेला. तिची सगळी तुळस करपली. क्रुसाच्या सणाला चर्चमध्ये ठेवायला एक कुंडी उरली नाही. तेव्हापासून ती कामापुरतं बोलायची. यंदा आधी डब्यात अळीव पेरीन, उगवला तर खत तुझं, नाहीतर दरीचं, असं त्यानं आईच्या थडग्यापाशी बहिणीला कबूल केलेलं.

फाटक वाजलं. आर्गिरोच होती. घाण्यावर लोक म्हणतात तुला वेड लागलंय, वर्षाचं खत दरीत टाकायला निघालायस, म्हणून बघायला आले, म्हणाली.

"डबा कुठाय?"

त्यानं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. पत्र्याचा डबा, वर काळी भुसभुशीत माती, कोंब एक नाही. आर्गिरोनं डबा फिरवून बघितला आणि आधी यात काय होतं ते विचारलं. काय असणार, तो म्हणाला, खारवलेले ऑलिव्ह. संपले तसा भरला.

"धुतलास?"

"मातीच भरायची, तर धुवायचं काय त्यात?"

तिनं बोट तळापर्यंत खुपसून चिमूटभर माती जिभेला लावली. थुंकली. परत थुंकली.

"घोडा झालास तरी अक्कल नाही. मिठात अळीव पेरतो."

मानूसोस कठड्यावर टेकला. टोपी काढून तोंड पुसलं, मग तेच तोंड परत पुसलं. म्हणाला, दुसरा डबा घासतो, नव्यानं पेरतो, उगवेपर्यंत तू हात लावू नकोस.

"मला उद्या गाडीभर पाहिजे," आर्गिरो म्हणाली.

"अगं, पण अळीव?"

ती फाटकाची कडी चाचपत राहिली. आईच्या हातचं लिंबाचं झाड तिच्या अंगणात होतं. त्याला पाणीसुद्धा ती दुसऱ्याला घालू देत नसे.

"तू कॅफेत पत्ते कुटत होतास तेव्हा दोन पाट्या नेल्या मी. लिंबाला घातल्या."

"मग?"

"फुललंय."

मानूसोस उठला. टोपली उचलली आणि दरीत उतरला, फेकलेलं भरून आणायला.