झरोक्यातली उशी

मित्रांनो, मी एक जुना गॅसचा गिझर आहे. कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची नळी बसवली, खाली बर्नर लावला, अंगाला पांढरा रंग दिला आणि रवानगी केली कुठे, तर तंजावरला! मार्गळी महिन्यातले थंडीचे दिवस सोडले, तर इथली माणसे पंखा बंद करत नाहीत. तिथे पाणी तापवणाऱ्याला कोण विचारणार? माझे नशीबच फुटके, असे मला वाटले.

पण अनिरुद्धराव आणि अंबाबाईंच्या घरी माझी चांगलीच वट होती. दिवाळीचे अभ्यंगस्नान असो की शनिवारी डोक्याला तेल लावून न्हाणे, सगळे माझ्याच जिवावर. नळ सोडला की मी भप्पकन पेटायचो आणि त्यांची लेक गायत्री टाळ्या पिटायची. सुब्रमण्यम फिटरने मला न्हाणीघरातच टांगले होते. मला धुराडे नाही. जळायला लागणारी हवा मी त्याच खोलीतून घेतो आणि जळून उरलेले तिथेच सोडतो. समोरच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्याच्यावर माझे सगळे चालायचे.

पुढे गायत्री लग्न होऊन बंगळूरला गेली. दोघांना तांब्याभर ऊन पाणी पुरायचे आणि ते चुलीवर व्हायचे. माझ्या अंगावर धूळ चढली, कोळ्यांनी जाळी विणली. गरज सरो, वैद्य मरो! मी मुकाट्याने लटकत राहिलो.

मग गायत्री बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. ऐन मार्गळी, बाहेर गार वारा. अंबाबाईंनी एक जुनी उशी घेतली आणि झरोक्यात गच्च कोंबली.

गॅसची नवी रबरी नळी बसवून मला पुन्हा चालू करायला सुब्रमण्यम आला. त्याने वर पाहिले आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, कात्तु वरणुम. अडैक्कादींग."

हवा यायला हवी, बंद करू नका, एवढेच त्याला म्हणायचे होते. पण कात्तु म्हणजे नुसता वारा नव्हे. इथे बाळंतिणीच्या घरात तो शब्द निघाला की 'कात्तु-करुप्पु' आठवते, म्हणजे बाधा. अंबाबाईंचा चेहरा उतरला. सुब्रमण्यमसमोर त्यांनी उशी काढली आणि त्याची पाठ वळताच पुन्हा कोंबली.

"बाळंतिणीच्या न्हाणींत कात्तु ये म्हणतो! याला काय कळतें? चाळीस दिवस होऊं देत, मग काढूं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

अनिरुद्धराव पेपरमधून डोके वर न काढता "हूं" म्हणाले.

दोन-तीन न्हाण्यांनंतर गायत्री म्हणाली, "आई, न्हालें की डोकें जड होतें गे."

"बाळंतीण ना तूं? अशक्तपणा तो," अंबाबाई म्हणाल्या.

मला ओरडून सांगावेसे वाटायचे. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तशी माझी गत होती. कोंडलेल्या हवेत माझी निळी ज्योत पिवळी पडते आणि माझ्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. नळ चालू असेपर्यंत मला जळावेच लागते. विझणे माझ्या हाती नाही.

त्या शुक्रवारी गायत्री तेल लावून न्हायला आली. आतून कडी लावली. पाणी चालू, वाफ दाटलेली, उशी जागच्या जागी. माझी ज्योत पिवळी झाली. गायत्रीने कपाळ दाबले, भिंत धरली आणि हळूच खाली बसली. मग तिची मान कलली. मी जळतच होतो. मित्रांनो, तेव्हा मला माझी स्वतःची भीती वाटली.

बाहेर बाळ भुकेने रडू लागले.

"गायत्री, पिल्लू रडतें बघ! ये गे लवकर!"

अंबाबाईंनी दार ठोठावले. आत नुसते पाणी वाजत होते.

"अगे, ऐकूं येतें का? गायत्री! अहो, दार तोडा!"

अनिरुद्धरावांनी खांद्याने दार फोडले, नळ बंद केला आणि लेकीला ओढत अंगणात नेले. उघड्या वाऱ्यात! अंबाबाईंनी बाळंतिणीला तो वारा लागू दिला. इस्पितळात डॉक्टरांनी कोंडलेल्या हवेचे कारण सांगितले, गायत्रीला प्राणवायू लावला आणि संध्याकाळी तिने बाळाला मागितले.

वाणी नावाची शेजारीण भेटायला आली आणि कुजबुजली, "बाधाच असेल."

"आमच्या लेकीला कात्तु लागलें नाहीं, वाणी," अंबाबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "कात्तु मिळालें नाहीं. उशी मी कोंबली."

सुब्रमण्यमने मला साफ करून बाहेरच्या भिंतीवर छपराखाली टांगले. आता आत फक्त पाणी जाते. तरीही गायत्री न्हायला गेली की अंबाबाई दाराशी बसून दर थोड्या वेळाने तिला हाक मारतात. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद न्हाणीघरात टांगलेला असेल, तर माझी गोष्ट इथेच सोडा आणि झरोका उघडा आहे का ते बघून या. आत कुणी न्हात असेल, तर हाक मारा. उत्तर आल्याशिवाय दारापासून हलू नका.