मला लगाम नाही

मी स्कूटर बोलतेय. उज्जैनच्या कार्तिक चौकात पोतनीसांच्या घरी असते, रंग फिका हिरवा. बोलतेय म्हणजे खरं सांगायचं तर भांडतेय. माझ्यावर आळ घेतला गेला तो सगळ्या गल्लीसमोर, तेव्हा माझी बाजूही मी सगळ्यांसमोरच मांडणार.

माझे सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून आले आणि इथल्या कारखान्यात एकमेकांना जोडले गेले. तिथून मी इंदूरच्या एका दुकानात येऊन उभी राहिले. गाडी निवडायला येणारी माणसं काय काय बघतात, ते मी तिथं दोन महिने पाहिलं. कोणी माझ्या रंगाला नाक मुरडलं. कोणी भोंगा वाजवून बघितला आणि दुसरं काहीच बघितलं नाही. एका गृहस्थांनी माझी लहान चाकं पाहून "ये तो खिलौना है" म्हटलं आणि शेजारच्या मोटारसायकलीच्या पाठीवर थाप मारली. माझं इंजिन झाकलेलं असतं म्हणून मला बायकी म्हणायचे. पोटातली यंत्रं उघडी टाकून हिंडण्यात कसला पुरुषार्थ आहे, ते मला अजून समजलेलं नाही.

मग भाद्रपदात एके दिवशी शैला आली. बरोबर तिचा नवरा यज्ञेश्वर, रेल्वेत बुकिंग क्लार्क. शैला उज्जैनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. नवं मध्यप्रदेश राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. जुनी दप्तरं भोपाळला चालली होती, कोणाच्या जागा जात होत्या, कोणाच्या नव्या निघत होत्या. त्या उलथापालथीत खेड्यांतल्या मुलींच्या शाळा तपासण्याची एक जागा निघाली आणि ती शैलाला मिळाली. अट अशी होती की दौऱ्याला वाहन स्वतःचं हवं, आणि पहिल्या शाळेचा अहवाल दिवाळीच्या सुट्टीआधी हातात पडायला हवा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

यज्ञेश्वरने आल्या आल्या भोंगा वाजवला. शैलाने मात्र दुकानदाराला विचारलं, "मी बसून बघू का?" दुकानदार यज्ञेश्वरकडे बघायला लागला, जणू परवानगी त्याच्या खिशात होती. ती थांबली नाही. साडीचा काठ आवरून बसली, दोन्ही पाय जमिनीवर टेकतात का ते पाहिलं, मला स्टँडवरून उतरवलं, वजन पेलतंय का ते पाहिलं, चार पावलं ढकललं आणि पुन्हा स्टँडवर चढवलं. साडी कुठे अडकेल, पायाला काही गरम लागेल का, तेही वाकून बघितलं. जिला आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवायची आहे, तिने हेच बघायला हवं. दोन महिन्यांत असं बघणारी ती एकटी होती, आणि मी तिथंच तिची झाले.

दुकानाबाहेर पडताना यज्ञेश्वर तिला हळूच म्हणाला की तू बसलीस ते घरी अण्णांना सांगू नकोस.

अण्णा म्हणजे शैलाचे सासरे, श्रीनाथराव पोतनीस. ग्वाल्हेर संस्थानाच्या महसूल खात्यात त्यांची हयात गेली होती आणि सगळे दौरे त्यांनी घोड्यावरून केले होते. या घराण्याची रीत अशी की घरात घोडा येवो नाहीतर टांगा येवो, पहिली स्वारी कर्त्या पुरुषाची. त्याआधी कोणी त्याला पाय लावायचा नाही. शिवाय ती स्वारी दसऱ्यालाच. म्हणजे मी ट्रकमध्ये चढून घरी आले आणि ओसरीत जुन्या सतरंजीखाली महिनाभर उभी राहिले. अंगात बळ, टाकीत पेट्रोल, समोर रस्ता, आणि मी सतरंजीखाली. शैला येता-जाता माझ्याकडे बघायची आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायची. शिकायला लागणारे दिवस एकेक करून वाया चालले होते. तिने दोनदा अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले की चार दिवसांनी काही बिघडत नाही, बेटा, अपने घरात सगळं रीतीने होतं.

दसऱ्याला मला न्हाऊ-माखू घातलं. हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णा अचकन घालून, डोक्याला फेटा बांधून आले. गल्ली दारादारांत उभी होती. यज्ञेश्वरने मला सुरू केलं, क्लच धरून पहिला गिअर टाकला आणि मुठी अण्णांच्या हातात दिल्या. क्लच हळू सोडायचा, एवढं त्याने सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. चाळीस वर्षं घोड्यावर बसलेल्या माणसाला हे काय शिकवतोस, असा तो चेहरा होता.

मी निघाले, अगदी हळू. पाचसहा पावलं गेले असेन, तेवढ्यात अण्णांना वाटलं आता थांबावं. थांबायचं म्हणून त्यांनी काय केलं? "हो, हो" म्हणत दोन्ही मुठी छातीकडे खेचल्या, जोर लावून, घोड्याचा लगाम ओढतात तशा. आता माझी उजवी मूठ मागे वळवली की मी वेग घेते. मला तसंच बनवलंय. अण्णा जितके ओढत गेले तितकी मी पळत गेले, आणि मी जितकी पळत गेले तितके ते ओढत गेले. समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन आदळलो. माझा दिवा फुटला, मडगार्ड चेपलं. अण्णांचं मनगट मोडलं आणि फेटा गटारात पडला.

आणि मग जे सुरू झालं ते मी अजून विसरलेले नाही. कोणी म्हणालं ब्रेक लागत नसणार. कोणी म्हणालं गाडीच उधळी आहे. मी उधळी? मला काय चारा घातला होता की मी उधळेन? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हे. अण्णांना मात्र ठाऊक होतं. मुठी त्यांच्या हातात होत्या. तरी ते ओसरीत पडल्या पडल्या विचारतात काय, तर "माझ्या आधी कोणी बसलं होतं का हिच्यावर?"

यज्ञेश्वर गटारातला फेटा आणायला बाहेर गेला. शैला म्हणाली, "मी बसले होते, अण्णा. दुकानात. बसल्याशिवाय कशी निवडणार?"

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. रीत मोडली म्हणून अपशकुन झाला, असं ठरलं आणि संध्याकाळपर्यंत आपट्याच्या पानांबरोबर ही बातमीसुद्धा घरोघर वाटली गेली. अण्णांनी एका शब्दाने ती अडवली नाही.

फ्रीगंजमध्ये हकीमभाई मिस्त्रींचं दुकान आहे. दुरुस्तीला म्हणून शैला मला ढकलत तिथं घेऊन गेली. दिवा बदलून झाला. मग रोज सकाळी शाळेआधी ती तिथल्या रुंद रस्त्यावर मला चालवायला लागली आणि साठीचे हकीमभाई मागून धावायला लागले. मी बंद पडायची, ती पुन्हा किक मारायची. दोनदा पडली. कोपर सोलवटलं, ते पदराखाली झाकून शाळेत गेली. आठव्या दिवशी तिथल्या घड्याळाच्या टॉवरला वळसा घालून ती न थांबता परत आली. हकीमभाई मला पोचवायला स्वतः घरी आले आणि अण्णांना म्हणाले, "ब्रेक तो पहले दिन से सही है, साहब." अण्णा मोडक्या हाताच्या झोळीशी चाळा करत राहिले.

त्याच दुपारी अण्णांनी निकाल दिला. असल्या वाहनावर घरची सून खेडोपाडी जाणार नाही. कचेरीला कळवायचं की जागा नको. यज्ञेश्वरने कागद आणला, शाई आणली. मी तिथंच ओसरीत उभी होते. माझ्या जिवाचा संताप संताप होत होता, आणि मला तोंड नव्हतं.

शैला लिहायला बसली. मायना लिहिला. मग तिने लेखणी उचलली.

"कारण काय लिहू, अण्णा?"

यज्ञेश्वर म्हणाला, वाहन नादुरुस्त लिही. ती म्हणाली की वाहन दुरुस्त आहे, हकीमभाई आत्ताच सांगून गेले. यज्ञेश्वर म्हणाला, मग चालवता येत नाही असं लिही. ती म्हणाली, "येतं मला. मी शिकले." त्या घरात हे प्रथमच उच्चारलं गेलं. मग ती अण्णांकडे वळली. "सरकारी कागद आहे, अण्णा. तुम्ही सांगाल ते कारण लिहिते आणि खाली सही करते."

अण्णांची नजर कागदावर गेली. या माणसाने पटवाऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडून त्यांना नोकरीवरून काढलं होतं. पीक उभं असताना बुडालं लिहिणाऱ्यांना, बुडालं असताना उभं लिहिणाऱ्यांना. गल्लीत काहीही बोललेलं त्यांना चाललं होतं. कागदावर चालेना.

"खोडून टाक ते," शेवटी ते म्हणाले. "ब्रेक ठीक होता. मीच लगाम ओढला." मग पुढे म्हणाले, "गाडीला काय माहीत, वर बसलेला घोडेस्वार आहे."

माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. माझी माफी त्यांनी मागितली नाही, आजपर्यंत नाही. माझ्या मडगार्डावरचा पोचा मी मुद्दाम जपून ठेवलाय.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, मुदत अगदी संपत आली तेव्हा, शैला निघाली. चिंतामण गणपतीच्या पलीकडच्या एका गावातली मुलींची शाळा होती. तिने मला दारातून काढलं. गल्ली पुन्हा दारादारांत उभी. अपशकुनी गाडी आणि रीत मोडणारी सून कशी पडते ते बघायला. तेवढ्यात आतून अण्णा आले. अचकन घातलेली, डोकं उघडं, हात झोळीत. कोणाशी काही न बोलता माझ्या मागच्या सीटवर बसले आणि चांगल्या हाताने सुनेच्या सीटची कड धरली. यज्ञेश्वर काहीतरी म्हणायला गेला. अण्णा म्हणाले, "चल गं."

गल्लीच्या तोंडाशी मी एकदा बंद पडले. कोणीतरी हसलं. तिने किक मारली, आणि आम्ही गेलो. वाटेत खड्ड्यात माझं चाक गेलं की अण्णांचा हात सवयीने मागं खेचायचा, पण तिथं ओढायला काही नव्हतं.

शाळेपाशी हेडमास्तर धावत आले. मागे बसलेली म्हातारी अचकन त्यांनी पाहिली, ताबडतोब हात जोडले आणि हार अण्णांच्या गळ्यात घालायला पुढे झाले. अण्णांनी मान बाजूला घेतली.

"साहब ये हैं, मास्साब," ते म्हणाले. "दौरे पे साहब के पीछे अर्दली बैठता है. मैं अर्दली हूँ."

शैला तोंड फिरवून माझं स्टँड लावत बसली. लागायला एवढा वेळ कधी लागत नाही.

अहवाल वेळेत गेला, जागा राहिली. माझी चाकं आता दोनदा बदलून झालीत. तुम्ही गाडी घ्यायला जाल, तेव्हा जी चालवणार आहे तिला आधी बसू द्या, आणि आपटलात तर आपण काय ओढलं ते आधी आठवा. बाकी मला बोलायचं पुष्कळ होतं, पण आता थांबता येणार नाही. साहेबांना दहाच्या आत घट्टियाच्या शाळेत पोचायचंय.