जाऊबाईंची पिशवी

आमच्या गल्लीत भाजी मिळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात चिवडा, वेफर्स आणि कोंब फुटलेले बटाटे, संपलं. खरा बाजार दोन बस बदलून. म्हणून आम्ही आठ घरांनी पाळ्या लावल्यात. दर रविवारी एकीने आठ पिशव्या घेऊन जायचं आणि जिने जे सांगितलंय तेच आणायचं, उगाच शहाणपणा करायचा नाही. हा नियम मीच केला आणि मीच मोडला.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारच्या खोलीत एकट्या राहतात, त्यांची पाळीही मीच करते. त्यांची साखर इतकी वाढलेली की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असंच चाललं तर डोळे जातील. तरी मागणी ठरलेली: बिस्किटांचे सहा पुडे. तीन महिने मी त्यांच्याशी कडाकडा भांडत होते. माझं तोंड सुटलं की सुटलं.

त्या रविवारी बाजारावर धुकं उतरलं होतं. माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते, आणि मधूनच गाजरांचा ढीग समोर उभा राहायचा. ओल्या पानांचा वास अंगाला लागत होता. मी किती वेळ चालले, कुठल्या रांगेत, काही कळेना. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. भानावर आले तेव्हा जाऊबाईंच्या पिशवीत पालकाच्या तीन जुड्या होत्या. बिस्किटं मी घेतलीच नाहीत.

"पुडे कुठायत?" पिशवीत हात घालून त्यांनी विचारलं.

"नाही आणले. आता हे खायचं. बसा निवडायला, मी कढई ठेवते."

त्या दाराशी उजेडात बसल्या. बोटं भराभर चालत होती, जन्माची सवय. खोलीत देठ मोडल्याचा तेवढा आवाज. मी सहज वळून पाहिलं. पिवळी पानंही त्या ताटात ठेवत होत्या आणि कोवळी, हिरवीगार पानंही कचऱ्यात टाकत होत्या.

"जाऊबाई, कधीपासून दिसत नाही?"

हात थांबले. "झाले की दोन-तीन महिने. गॅस पेटवायची भीती वाटते गं. बिस्किटाला काही पेटवावं लागत नाही. तुला सांगणार होते, पण तू आलीस की भांडायलाच लागायचीस."

मी खाली बसले आणि कचऱ्यातली पानं एकेक करून वेचू लागले. शब्द म्हणून फुटेना.

जाऊबाईंनी दाराकडे तोंड केलं, मी तिथे नव्हते, त्यांच्या शेजारीच बसले होते.

"गेलीस का गं?"