पाव्हण्यांचा डबा

मी चिडकी आहे. वडील सैन्यात सुभेदार होते, त्यामुळे कोरेगावजवळच्या आमच्या घरात जेवणसुद्धा घड्याळावर व्हायचं. कुणी साडेआठ म्हणून नऊला आलं की माझं डोकं फिरतं. अशा बाईला लोकांच्या घरोघरी जाऊन करायचं संशोधन देऊ नये. पण सांगलीच्या आमच्या कॉलेजात माझे मार्गदर्शक असलेल्या सरांना हे कोण सांगणार? त्यांनी दिलं आणि मी घेतलं.

विषय असा होता. शेंगदाणा, ज्वारी, मका ओलसर जागी राहिला की बुरशी धरते, आणि त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. त्याला चव नाही, वास नाही. आज खाल्लं आणि उद्या आडवं झालं, असंही सहसा होत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जातं आणि यकृताची वाट लावतं. माणसाच्या पोटात ते किती जातं हे मोजायचं, तर बाजारातला दाणा तपासून भागत नाही, ताटातलंच तपासावं लागतं. त्यासाठी आम्ही जुळं ताट मागतो. म्हणजे घरातल्या बाईने दिवसभर जे खाल्लं, तेच आणि तेवढंच आमच्या डब्यातही घालायचं. अर्धी भाकरी खाल्ली तर अर्धी भाकरी, चहा प्यायली तर चहा. डबा सांगलीला आणायचा, सगळं मिक्सरमध्ये फिरवायचं आणि मशीनला लावायचं.

मला जत तालुक्यातल्या बिरोबावस्तीवरची तीस ताटं हवी होती. मेअखेर माझी शिष्यवृत्ती संपत होती आणि एक जूनला मशीन दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं. तोवर तीस खरी ताटं मिळाली नाहीत तर माझी चार वर्षं पाण्यात.

वस्तीवर भामाबाईचा शब्द चालायचा. साठीची, उंच, आवाज असा की लांबची मेंढरं माघारी वळावीत. ती डब्यात जे घालेल तेच बाकीच्या एकोणतीस घरांत घातलं जाईल, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून मी तिच्या ओसरीवर बसून अर्धा तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तिची सून राणी हिने माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"खावा मॅडम," भामाबाई म्हणाली. "पाव्हण्यांच्या डब्यातला हाय."

दुसऱ्या दिवशी तीस डबे आले. उघडले तर पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, कुरडई आणि वर एकेक लाडू. तीसही घरांत. गेले दोन महिने वस्तीवर पाण्याचा टँकर येत होता, आणि माझ्या वहीप्रमाणे बायका रोज दोन वाट्या तूप खात होत्या.

"मावशी, हे तुम्ही रोज खाता?"

"रोज कुठलं. पर डबा सांगलीला जायाचा, मोठ्या सायबाम्होरं उघडायचा. त्यात काय ठेचा घालायचा?"

भामाबाईचे यजमान नाथाजी भिंतीला टेकून दात कोरत होते. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "मॅडम," ते म्हणाले, "ह्ये संशोधन वर्सभर चालू द्या. लय उपेगी हाय."

ते डबे मी तसेच सांगलीच्या डीप फ्रीजरमध्ये टाकले आणि वस्तीवर परत आले. या वेळी स्पष्टच सांगितलं की हे अन्न कुणी साहेब खाणार नाही. ते वाटून, तपासून टाकून द्यायचं आहे.

भामाबाईचा चेहरा बदलला. "टाकून देणार?"

"हो."

"शिजवल्यालं अन्न?"

"तपासायला लागतं, मावशी."

ती उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी तीस डबे आले, घासून लख्ख केलेले, आणि प्रत्येकात तळाला चिमूटभर साखर. वाया घालवायला अन्न द्यायचं नाही म्हणून अन्न नाही, आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून साखर. त्या दिवशीच्या नोंदीनुसार बिरोबावस्तीवरच्या तीस बायका चिमूटभर साखरेवर जगल्या आणि त्यांच्यात अफ्लाटॉक्सिन शून्य निघालं असतं. मी जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हरवर विनाकारण ओरडले.

मग मी वस्तीवरच मुक्काम ठोकला. शाळेच्या खोलीत अंथरूण टाकलं आणि सकाळी सहापासून भामाबाईच्या चुलीपुढे जाऊन बसायला लागले. म्हटलं, समोर बसल्यावर काय लपवणार? पण मी समोर बसले की मी पाहुणी, आणि पाहुणीपुढे सगळ्या घराने पाहुण्यांचंच जेवायचं. रोज शिरा, रोज शेवयांची खीर. आणि रोज लाडू, तो मात्र फक्त मला. नाथाजींचा सदरा पोटावर घट्ट व्हायला लागला. मी भाकरी मागितली की राणी तोंडाला पदर लावून हसायची.

"आमी काय खातो त्ये बगायचंय तर तुमी हितं नसाया पायजे," ती एकदा म्हणाली. "आन तुमी नसला तर बगणार कोण?" दहावी नापास झालेल्या मुलीने माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण एका दमात सांगितलं. मला तिचा राग आला, कारण ते खरं होतं.

बावीस मे उजाडली. वस्तीवर मोबाइलला रेंज फक्त भामाबाईच्या मेंढरांच्या जाळीत, बरोबर मधोमध यायची. सरांचा फोन आला तशी मी धावत जाळीचं फाटक उघडून आत घुसले.

"किती ताटं झाली?" सरांनी विचारलं.

"साठ डबे आले, सर."

"खरी किती?"

"एकही नाही."

सर बराच वेळ बोलले. मी कोकरांमध्ये उभी राहून 'हो सर, हो सर' म्हणत होते, आणि आतून इतकी पेटले होते की फाटक उघडं राहिलंय हे लक्षातच आलं नाही. फोन ठेवून वळले तर जाळीत मी एकटी.

सत्तर मेंढरं आणि त्यांची पोरंबाळं शेजारच्या धोंडुबाईने पटांगणात वाळत घातलेल्या ज्वारीत उतरली होती. धोंडुबाई खराटा घेऊन किंचाळत होती. नाथाजी धोतर सावरत धावले. भामाबाई घरातून बाहेर आली, तिने एकदा पटांगण बघितलं, एकदा उघडं फाटक आणि एकदा मला.

"ए रेश्मे!" ती गरजली. "डोळं फुटलं व्हतं का? बापाच्या घरी फाटक लावत न्हाईत व्हय? पळ आता, बगतीस काय!"

मी पळाले. दोन तास उन्हात मी कोकरांच्या मागे पळत होते. एकाने मला बाभळीच्या काट्यांत नेलं. एकाला मी बगलेत धरून आणलं, तर त्याने माझ्या ओढणीचं टोक चघळून टाकलं. शेवटचं जाळीत कोंबून मी ओसरीवर येऊन बसले तेव्हा पायात चप्पल एकच होती. भामाबाईचा राग अजून उतरला नव्हता. तिने माझ्यापुढे एक ताटली आदळली.

"गिळ," ती म्हणाली आणि आत गेली.

ताटलीत कालची बाजरीची भाकरी होती, कडक झालेली. वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. ना तूप, ना खीर, ना लाडू.

मी पहिला घास घेतला आणि मला रडू कोसळलं. उन्हाचं, दमल्याचं, चार वर्षांचं, सगळंच एकदम आलं. राणीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आतून भामाबाई ओरडली, "काय रडतीस? तिखट लागलं व्हय?"

"नाही मावशी. तुम्ही पण हेच खाल्लंत का आज?"

"मग काय पुरनाचं खाऊ? तुज्या कोकरापायी चूल कुणी पेटीवली?"

मी उठले, पिशवीतून डबा काढला आणि दाराशी जाऊन पुढे धरला. "मग तुम्ही जेवढं खाल्लंत तेवढंच यात घाला."

तिच्या लक्षात आलं. ती दारात येऊन उभी राहिली आणि आवाज पहिल्यांदाच खाली आला. "न्हाई गं बाई. सांगलीत सगळ्यांम्होरं आमची शिळी भाकर उघडी पडायची."

"डब्यावर नाव नसतं, मावशी. नुसता नंबर असतो. तुमचा नंबर एक आहे."

"नंबर एकला शिळी भाकर?" ती जास्तच घाबरली. "आमाला तीस नंबर लाव."

मी तिथल्या तिथे चिठ्ठी फाडली आणि तीस नंबर लावला. तिने आतून दीड भाकरी आणली, बोटाने तेवढाच ठेचा त्यावर टाकला, कांद्याची फोड मोजून ठेवली आणि झाकण लावताना नजर दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी बाकीची एकोणतीस घरं आली, कारण भामाबाईने दिलं होतं. भाकरी, आमटीचं पाणी, ताक, कण्या. एका डब्यात तर फक्त चहा आणि बटर होतं, कारण त्या बाईला दिवसभर दुसरं काही खायला सवडच झाली नव्हती. तीस खरी ताटं. मी डबे जीपमध्ये भरताना नाथाजी तोंड पाडून बसले होते. त्यांचे शिऱ्याचे दिवस संपले होते.

मशीनने अठ्ठावीस तारखेला आकडे दिले. रोजच्या तीसही ताटांत विष मर्यादेच्या आत होतं, बहुतेकांत तर सापडलंच नाही. मला आनंद झाला. मग सर म्हणाले, मशीन चालूच आहे तर ते पहिले पुरणपोळीचे डबेही लावून टाक. लावले. तीसपैकी बावीस डबे मर्यादेच्या कितीतरी पट वर गेले. प्रत्येक डब्यातलं थोडं न वाटता राखून ठेवलं होतं, त्यातला एकेक पदार्थ वेगळा करून पाहिला, तर सगळं विष लाडवात होतं.

कारण सोपं होतं. बायका सुगीतले टपोरे दाणे निवडून पाहुण्यांसाठी वेगळे काढायच्या. चांगली वस्तू गार जागी ठेवायची, आणि वस्तीवर गार जागा एकच, पाण्याच्या पिंपाला लागून. तिथल्या ओलीत दाणे महिनोन्महिने राहायचे. घरच्यांना त्यातला एक दाणा मिळायचा नाही. बिरोबावस्तीवर घरच्या माणसाला काही धोका नव्हता. धोका होता तो जावयाला, व्याह्याला, तलाठ्याला आणि मला. मी वहीत मोजले, तर मुक्कामात एकोणीस लाडू खाल्ले होते. माझ्या प्रबंधातली सर्वांत जास्त विष खाल्लेली व्यक्ती मीच. डॉक्टर म्हणाले, एवढ्याने काही होत नाही, पण आता पुरे.

तीस तारखेला सर स्वतः वस्तीवर येऊन निष्कर्ष सांगणार होते. मी आदल्या दिवशीच गेले. हे भामाबाईला चारचौघांत कळू नये, असं मला वाटत होतं.

तिने सगळं ऐकलं. "म्हंजे घरच्यांस्नी बरं खाऊ घातलं," ती म्हणाली, "आन पाव्हण्यांस्नी इख."

"तुम्हाला काय माहीत होतं, मावशी?"

"तुला किती दिलं?"

"एकोणीस."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझी दृष्ट काढावी तशी बोटं कानशिलावर मोडली. मग उठून तिने पिंपाजवळचा पाव्हण्यांचा पत्र्याचा डबा उचलला, घरामागे खड्डा खणला आणि दाणे, लाडू सगळं त्यात लोटलं. मेंढरांनी हुंगू नये म्हणून वर दगड ठेवले. मी दाणे कोरडे कसे ठेवायचे ते सांगत होते. ती ऐकत होती, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

"उद्या तुजं सर येणार," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्याम्होरं काय ठिवू?"

"बिस्किटं आणू की जतवरनं," नाथाजी म्हणाले.

"बिस्किटं कुनीबी देतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर आले. इस्त्रीचा शर्ट, गॉगल, बरोबर विभागातले दोघे. सगळी वस्ती ओसरीसमोर जमली, धोंडुबाई सगळ्यात पुढे. सर सतरंजीवर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "आमच्या रेश्माने तुमच्या पाहुणचाराचं फार कौतुक केलंय. आता आम्हालाही दाखवा."

भामाबाई आतून ताट घेऊन आली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. वाकून तिने ताट सरांपुढे ठेवलं. सकाळची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. धोंडुबाईने शेजारणीला कोपर मारलं. राणीने मान खाली घातली. सरांनी गॉगल काढून ताटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझ्या आधी भामाबाईच बोलली, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सायब, पाव्हण्यांचं आमच्यात चांगलं न्हाई. आमी जे खातो त्येच खावा."