दोन बोटं खाली

खडू फरशीवर घासून तिने त्याला धार आणली आणि ड्रिल मशीनच्या खांबावर, टेबलाच्या काठाला लागून, केसासारखी रेघ ओढली. मग दाराला कुलूप लावून ती जेवायला घरी गेली. तासाभराने परतली, तर टेबल रेघेच्या दोन बोटं खाली.

सलग तिसरा दिवस.

नवऱ्यामागे वर्कशॉप ती एकटीच चालवत होती. ते ओतीव लोखंडाचं टेबल वर-खाली करायला नवरा खांदा लावायचा. तिच्या अंगात तेवढं बळ कुठलं? म्हणून भंगारातून ट्रकचा तेलाचा जॅक आणून तिने टेबलाखाली बसवला. दांडा चार वेळा दाबला की टेबल वर, बाजूचा स्क्रू सैल केला की खाली. बघायला आलेल्या कारागिरांनी तोंडात बोटं घातली. फक्त धाकटा दीर म्हणाला होता, "वहिनी, जॅक उचलतो, धरत नाही. टेबल धरायला खांबावरची मूठ आवळत जा."

मूठ आवळताना मनगट मोडायचं. शिवाय दुसऱ्याची हुशारी कुणाला सोसते?

वर्कशॉपची दुसरी किल्ली दिराकडेच होती. भाऊ गेल्यावर महिन्याभरात त्याने विचारलं होतं, "मशीन विकायचं झालं तर आधी मला सांगाल ना?" तेव्हा ते साधं वाटलं होतं. आता वाटेना. कालच फाटकाच्या बिजागऱ्यांचे ठोकळे परत आले होते, टेबल खाली गेल्याने भोकं उथळ पडली म्हणून. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ, असं गिऱ्हाईक बजावून गेलं. काम गेलं की मशीन विकावंच लागणार. मन चिंती ते वैरी न चिंती. तिच्या मनाने एका रात्रीत त्याचा सगळा डाव मांडून दाखवला.

सकाळी ती त्याच्या दुकानात गेली. दीर कुलपं दुरुस्त करायचा.

"भाऊजी, वर्कशॉपची किल्ली द्या."

"का, तुमची हरवली?"

"नाही."

त्याच्या हातातली कानस थांबली. त्याने जुडग्यातली किल्ली काढली, फडक्याने पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पुढे काही विचारलं नाही. विचारेल कसा, ती मनात म्हणाली, चोराच्या मनात चांदणं.

अर्ध्या वाटेत तिचं तिलाच हसू आलं. कुलूपवाल्याची किल्ली काढून घेणं म्हणजे माशाला पोहायची बंदी करणं!

म्हणून त्या दुपारी ती घरी गेलीच नाही. रेघ ओढली, दार आतून कुलूपबंद केलं आणि पत्र्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसली.

दीड वाजता पायरीवर चपला वाजल्या. ओळखीचं खाकरणं. ती श्वास रोखून कुलपाच्या खटक्याची वाट पाहू लागली. खटका झाला नाही. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग तोही नाही.

ताटकळून तिची नजर खांबाकडे गेली. रेघ आणि टेबल यांच्यामध्ये नखाएवढं लोखंड उघडं पडलं होतं. ती ताडकन उठली. आसपास चिटपाखरू नव्हतं. पाहता पाहता ते नख बोटभर झालं. तिने वाकून जॅकखाली हात घातला. बोटं तेलाने भिजली.

तिने हात पुसले आणि दार उघडलं. दीर उन्हात पायरीवर बसला होता, मांडीवर अर्धा खाल्लेला डबा.

"बाहेर का बसलात?"

"रोज आत जेवतो, दादाच्या स्टुलावर." तो ओशाळला. "तो होता तेव्हापासूनची सवय. सुटत नाही."

"मग आत यायचं की."

"किल्ली नाही ना, वहिनी."

त्याच्या खिशातून कुलपं उघडायचे तारेचे आकडे डोकावत होते. एक पुरला असता.

ती दारातून बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "ती मूठ माझ्याच्याने आवळत नाही."