हातातली गुणगुण

साब्रीनला बोलायची रीत नाही. नर्सचा पांढरा अंगरखा चढवला म्हणजे समोरची बाई आपल्या आजीच्या वयाची आहे हे विसरायचं असतं, असं तिला कुणी शिकवलं कोण जाणे. शनिवार, सोमवार, बुधवार, आठवड्यातून तीनदा मी कालव्याच्या रस्त्यानं तालुक्याच्या इस्पितळात रक्त धुऊन घ्यायला जाते. आत शिरलं की आधी वजनाचा काटा. मूत्रपिंडं बंद, म्हणून दोन वारांत प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, ते काट्यावर दिसतं. आकडा दिसला की तो मनात वाचून कागदावर लिहावा ना? नाही. मशिदीच्या भोंग्यावरून मयताची बातमी सांगावी तशी ही पोरगी सांगते, आणि वर हजला जाऊन आलेल्या बाईचा मान म्हणून 'हाज्जा' म्हणते.

"तीन किलो सातशे जास्त! हाज्जा, परवापासून अख्खी नाईल नदी पिऊन आलात की काय?"

आठ खाटा, आठ मशीनं, आठ माणसं. सगळी हसतात. कोपऱ्यातला शहाता मासेवाला म्हणतो, "हाज्जा, आमच्या होडीपुरतं तरी पाणी नदीत ठेवा!"

हिला काय ठाऊक, माझ्या दारात पाहुणा आला आणि मी त्याच्याबरोबर चहा घेतला नाही तर गाव काय बोलतं? सनिय्याचे दिवस फिरले, आता घोटभर चहाही तिला जड झाला, असं बोलतं. नवरा गेल्यावर मी चिखलात उभी राहून भात लावला, पाच मुलं वाढवली, कुणापुढं मान खाली घातली नाही. आणि इथं काट्यावर उभी राहून साब्रीनसारख्या कोळ्याच्या पोरीसमोर मान खाली. एकदा तिच्यासाठी मी तुपातली फतीर करून नेली, पदरावर पदर, सुटसुटीत. तिनं डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून परत दिला. "मीठ आणि तूप. इथं कुणालाच चालत नाही हाज्जा, घरी न्या." माझ्या हातची फतीर व्याह्यांनीसुद्धा कधी परत केली नव्हती.

सुई मात्र तिच्यासारखी कुणी लावत नाही, हेही सांगून टाकते.

आधी माझ्या मानेत नळी होती. चार महिने त्या नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं आणि धुऊन परत यायचं. पाचव्या महिन्यात नळीतून विष भिनलं. हुडहुडी अशी भरली की खाटेचे पाय फरशीवर वाजत होते, आणि पुढचे तीन दिवस कुठं गेले ते मला आठवत नाही. डॉक्टर मुलाला म्हणाले, पुन्हा मानेत नळी घालायची वेळ आली आणि पुन्हा असं झालं, तर आम्ही शब्द देत नाही. म्हणून माझ्या डाव्या हातात जोड केली. शीर आणि धमनी एकमेकींना शिवतात, मग शीर फुगून बोटाएवढी जाड होते आणि सुया तिच्यात जातात.

जोड झाली त्या दिवशी साब्रीननं माझी बोटं धरून मनगटाच्या वर ठेवली. "लागतंय काही?"

लागत होतं. कालव्यावरचा पंप लांबून ऐकू यावा तशी गुणगुण, पण माझ्याच कातडीखाली.

"हा तुमचा जीव," ती म्हणाली. "सकाळी डोळे उघडले की आधी ही बघायची."

"आधी देवाचं नाव," मी म्हटलं.

"बरं, देवाचं नाव. पण चहाच्या आधी ही. थांबली तर त्याच घटकेला इथं यायचं. आपला वार कधी आहे ते बघत बसायचं नाही. या हातावर दाब मोजू द्यायचा नाही, या कुशीवर झोपायचं नाही, जड उचलायचं नाही. बांगडी नाही, घड्याळ नाही, घट्ट बाही नाही."

चाळीस वर्षं हातात असलेल्या बांगड्या मी साबण लावून काढल्या. आणि खरं सांगायचं तर मला त्या हाताचा थोडा ताठाही आला. गावातल्या बायका यायच्या, बोटं ठेवायच्या आणि किंचाळायच्या. "अगं बाई, आत मांजर बसलंय!" मी बाही वर करून राणीसारखी हात पुढं करायची.

माझी थोरली नणंद अतियात हे सगळं भिंतीला टेकून बघत होती. एक दिवस म्हणाली, "सनिय्या, एवढ्या जणी हात लावून गेल्या, एकीच्या तरी तोंडून देवाचं नाव आलं का? नजर लागणार बघ."

"वन्सं, हाताला कसली नजर?"

"जे बोलतं त्याला लागते. तुझा हात बोलतो."

दोन दिवसांनी तिनं शेजारच्या गावच्या शेखकडून ताईत आणला. चामड्याची चौकोनी पुडी, आत लिहिलेला कागद, आणि त्याच हाताच्या दंडाला बांधायला चामड्याचीच वादी.

मी काही खुळी नाही. जिथं बांगडी चालत नाही तिथं वादी कशी चालेल, हे माझ्या मनात आलं होतं. साब्रीनला विचारावं असंही आलं होतं. पण विचारलं तर काय उत्तर येईल ते मला तिच्याच आवाजात ऐकू आलं. "ताईत? हाज्जा, कुठल्या जमान्यात राहता?" आणि मागून आठ खाटांचं हसू. मी विचारलं नाही. वन्संचं मन राखायला दोन बोटं आत जातील एवढा सैल बांधला. आंघोळीला आणि इस्पितळात जाताना मी तो काढायची, आल्यावर पुन्हा बांधायची. पंधरा दिवस असं चाललं, काही झालं नाही.

मग एका बुधवारी मशीनवर माझा रक्तदाब घसरला. पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली. साब्रीननं खाटेचं पायथ्याचं टोक वर केलं, सलाईन सोडलं, माझ्या पोटऱ्या चोळल्या. घरी आले ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. ताईत बांधला, आणि थोड्या वेळानं त्याच्यासकट अंगावर पाणी घेतलं. काढायचं भानच राहिलं नाही. पाठ टेकली आणि झोपले.

भिजलेली वादी वाळताना आवळत जाते. दावणीला म्हशी बांधण्यात माझा जन्म गेला, मला हे कुणी सांगायला हवं होतं का?

सकाळी देवाचं नाव घेतलं आणि बोटं ठेवली. काही नाही. जागा बदलली. काही नाही. हात कानाशी नेला, तर रिकाम्या रांजणाला कान लावल्यासारखं. वादी मांसात रुतली होती, नख आत जाईना. भाजीच्या सुरीनं कापली. दंडावर तांबडा वळ उठला होता, पण गुणगुण परत आली नाही.

"थांबली?" अतियात म्हणाली. "बरंच झालं. माणसाच्या अंगात असा आवाज असणं काही चांगलं नव्हतं."

"वन्सं, तुम्ही आता एक शब्द बोलू नका."

मुलगा रिदा भाकरीचा तुकडा तोंडात घालत बाहेर आला. "आई, परवा शनिवार आहेच की. दाखवू तेव्हा. आज गिरणीत भाताच्या गाड्या खोळंबल्यात."

"गाड्या कुठं पळून जात नाहीत."

"अगं, पण आज तुझा वार नाही. आत तरी घेतील का?"

"न घेऊन सांगतात कुणाला?"

तो हो-नाही करत राहिला आणि ऊन वर चढत गेलं. मला मानेतली नळी आठवली, वाजणारे खाटेचे पाय आठवले. मी काळा झगा चढवला, रस्त्यावर जाऊन हात केला आणि पहिल्या थांबलेल्या रिक्षात बसले. रिदा मागून ओरडत होता. मी वळून बघितलं नाही.

गुरुवारची माणसं वेगळी, सगळी अनोळखी. साब्रीन एका म्हाताऱ्याची सुई काढत होती. "हाज्जा? आज गुरुवार आहे."

"मला वार कळतात. हात बघ."

तिनं म्हाताऱ्याच्या हातावर पट्टी दाबली, दुसऱ्या नर्सला हाक मारून तिथं उभं केलं, हात धुतले आणि आली. आधी बोटं ठेवली, मग ऐकायची नळी कानाला लावून ऐकलं. मनगटापाशी, मग वर, मग पुन्हा मनगटापाशी. मग तिनं नळी कानातून काढली.

"कधीपासून?"

"सकाळी उठले तेव्हा नव्हती."

"काही बांधलं होतं का?"

"नाही."

खोटं किती सहज आलं. बाही कोपरापर्यंतच वर होती, वळ झाकलेला. तिनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि मन्सूरा शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या सर्जनना फोन लावला. तिथंच, खाटांच्या मध्ये उभी राहून बोलत होती.

"सर, काल माझ्या पाळीत पेशंटचा दाब नव्वदच्या खाली गेला होता. पाणी मी जास्त ओढलं असणार. त्यानंच जोड बंद पडली. हो सर, चूक माझी. लिहून देते. पण तुम्ही आज बघा, उद्या शुक्रवारची सुट्टी आहे..."

विभागाचे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघत होते.

क्षणभर मला बरं वाटलं, हे कबूल करते. माझी झाकली मूठ तशीच राहत होती. दर खेपेला मला काट्यावर उभी करून आकडा ओरडणारी आज स्वतः आरोपीसारखी उभी होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं. पण चार महिने नळी मानेत बाळगली ती अशी दुसरीच्या पदराआड लपण्यासाठी नाही. तेवढी हलकी मी अजून झालेली नाही.

"फोन ठेवू नकोस," मी म्हटलं, आणि मला मोठ्यानं बोलायची सवय आहे. "चूक तिची नाही, डॉक्टर. माझी आहे." बाही खांद्यापर्यंत ओढली. "ताईत बांधला होता. काल पाण्यात भिजला आणि वाळताना आवळला. ही बघा वादीची खूण."

मग खिडकीजवळचा एक माणूस खिदळला.

"हसतोस काय रे? तुझ्या गळ्यात तो निळा मणी कशाला लटकलाय, शोभेला?"

त्याचा हात गळ्याकडं गेला आणि हसू गेलं.

मी आता साब्रीनच्या तोंडाची वाट बघत होते. ती रागावली नाही. वळावरून अलगद बोट फिरवलं आणि फोनमध्ये म्हणाली, "सर, ऐका. बाहेरून आवळली गेली होती, वादीनं. एका रात्रीचं काम आहे."

पलीकडून सर्जन बराच वेळ बोलले. ती "हो सर, हो सर" करत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "दाबानं बंद पडली असती तर शीरच कच्ची, उघडून उपयोग नाही, सरळ मानेत नळी घालू असं म्हणत होते. आता म्हणतात, शीर चांगली आहे, गुठळी ताजी आहे, दोनच्या आत आणा. हाज्जा, तुम्ही बोलला नसता तर हात गेलाच होता."

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. साब्रीननं डॉक्टरांना दोन शब्द सांगितले, आपले पेशंट दुसऱ्या नर्सवर सोपवले आणि मला मन्सूराच्या मिनीबसमध्ये पुढच्या बाकावर बसवलं. चालकाला म्हणाली, "दादा, मध्ये कुठंही थांबायचं नाही."

"आणि वाटेतली माणसं?"

"मागच्या गाडीनं येतील. या बाईंना मागची गाडी नाही."

रस्ताभर माझा हात तिनं आपल्या मांडीवर उताणा धरून ठेवला होता. माझी जीभ टाळ्याला चिकटली तेव्हा कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवला. एकदा हळूच विचारलं, "मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" मी बाहेर कापलेल्या भाताची खाचरं बघत राहिले.

मन्सूरात मला शुद्धीवरच ठेवून, हात बधिर करून काम केलं. पडद्याआडून कुणीतरी ओढतंय एवढं कळत होतं. सर्जननी बारीक नळीनं जे बाहेर काढलं ते साब्रीननं मला दाखवलं, काळं, गुळाच्या पाकासारखं, बोटभर लांब. मग तिनं हातमोजा काढला, माझ्या मनगटाच्या वर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मला माझ्याच श्वासाचा राग आला, एवढा त्याचा आवाज.

"आहे," ती म्हणाली. "बारीक आहे, पण आहे."

शनिवारी मी माझ्या वारी गेले. गुणगुण भरली होती, चहाच्या आधी बघून आले होते. मी खाटेवर पडले तेव्हा काट्यावर एक नवी मुलगी उभी होती, विशीतली, मानेत नळी, दुसऱ्या कुठल्या तरी गावची. साब्रीन आकडा बघून ओरडली, "चार किलो! अगं, घरात काय नळ उघडा ठेवून झोपतेस?" आठ खाटा हसल्या. शहाता होडीबद्दल काही बोलला. मुलगी हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि उजव्या हातानं डावी बाही हळूच मनगटापर्यंत खाली ओढली.

साब्रीन सुया घेऊन माझ्याकडं आली.

"सुई खाली ठेव," मी म्हटलं. "आधी ऐक. हात तू वाचवलास. माझ्या लेकीनंही एवढं केलं नसतं, आणि हे मी कुणापुढंही सांगेन. पण परवा गाडीत तू विचारलंस ना, का नाही सांगितलं? तुझ्या तोंडाला भिऊन. नजरेला मी कधीच भ्याले नाही. ती पोरगी बाही खाली ओढतेय, ते मला इथून दिसलं, तुला तिच्याजवळ उभं राहून दिसलं नाही. तिच्या बाहीत काय आहे ते तिला जवळ बसून विचार, कानाशी विचार, नाहीतर तीही माझ्यासारखी 'नाही' म्हणेल, आणि प्रत्येक वेळी मिनीबस मिळेलच असं नाही. हात तुझे पक्क्या नर्सचे आहेत साब्रीन, जीभ अजून शिकाऊ आहे. लाव आता सुई."