दिवा वाढव

कार्तिकात आमच्याकडे बनारसला छतावर आकाशदिवा टांगतात, गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून. आमचे हे श्रावणात गेले, तेव्हा यंदाचा दिवा यांचा. बांबूच्या टोकाला दोरीनं चढवलेली टोपली, टोपलीत तेलाची पणती. पण शिंदे घाटाकडून मेली अशी हवा यायची की वात टिकायचीच नाही. मी रोज हवेला शिव्या घालायची आणि रोज रडायची. अंधारात हे कुठे चाचपडत असतील, असं वाटायचं.

शेवटी अंतरानं, माझ्या सुनेनं, इवलासा एलईडी दिवा दोन सेलांना जोडून टोपलीत ठेवला. ती नाशिकची, याच वर्षी लग्न होऊन बनारसला आलेली. मी नाक मुरडलं. पितरांना काय टॉर्च दाखवायची? पण तो दिवा हवेला बधला नाही. गंगेवरचं धुकं वर चढलं की बांबू दिसेनासा व्हायचा आणि उजेडाचा ठिपका तेवढा अधांतरी तरंगायचा. मी खाली चटई टाकून त्याच्याशी बोलत बसायची. आज काय शिजलं, गुडघा कसा आहे, सगळं. जिवंतपणी तरी हे इतकं कुठे ऐकायचे!

पौर्णिमेला दिवा उतरवायचा, माणसाला मोकळं करायचं. पौर्णिमा सरली तरी माझा हात दोरीला जाईना. मला सोडवतच नव्हतं. पण माझ्यापायी हे इथेच अडकून पडले तर? एका संध्याकाळी मन घट्ट केलं आणि अंतराला म्हटलं, "दिवा वाढव गं आता."

आमच्या घरात दिवा 'विझव' असं कुणी म्हणत नाही. इथल्या हिंदीसारखं 'वाढव' म्हणतो. मी डोळे मिटून घेतले.

तिला वाटलं, सासूबाईंना उजेड कमी पडतोय. तिनं टोपली उतरवली, आणखी दोन सेल जोडले आणि दोरी ओढली. मी डोळे उघडले तर दिवा नुसता रसरसत धुक्यातून वर चाललेला. सगळं छत उजळलं. टोपली टोकाला पोचली न पोचली, तोच चार सेलांचा जोर न सोसून दिवा जळून गेला.

अंतराचा चेहरा उतरला. "आई, तुम्हीच म्हणालात ना, वाढव?"

मला आधी हसू फुटलं, मग रडू. तिला जवळ ओढलं. म्हटलं, "तू नाही गं घालवलास. ते आपणहून गेले. चांगला लख्ख उजेड करून गेले."

टोपली मी माझ्या हातानं खाली घेतली. यांचं टेबलावरचं घड्याळ श्रावणापासून बंद होतं. टोपलीतला एक सेल त्याला घातला.